दादांचा नवा अल्बम आणि कानरावांचे मौन

ज्यांच्या रेकॉर्डिंग कंपनीच्या छताखाली आपण जमलो आहोत ते माननीय अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विद्युत-गिटारने तीन पिढ्यांची झोप उडवणारे आपले रॉकसम्राट दादा, सत्कारमूर्ती, दादांचे पहिल्या दिवसापासूनचे ध्वनिमुद्रक, आपले कानराव, पहिल्या रांगेतून माझ्याकडे रोखून पाहणाऱ्या कानराववहिनी, आणि बंधुभगिनींनो,

रसिक श्रवणमंडळाचा मी आजीव कार्यवाह. आजीव अशासाठी की हे पद दुसरे कोणी घेत नाही. अध्यक्षांनी दारातच सांगितले, "गोड बोला आणि लवकर संपवा." दोन्हींचा यत्न करीन. दुसऱ्याची खात्री देतो.

दादांचा नवा अल्बम आला आणि मंडळाने श्रोत्यांचे अभिप्राय मागवले. स्तुतिसुमनांचा खच पडला. एक निवृत्त न्यायाधीश लिहितात, 'या वयात हा आवाज म्हणजे जामिनावर सुटलेला वाघ!' परंतु प्रत्येक पुष्पगुच्छात एक काटा होता, आणि काटा एकच: ड्रमच्या झांजा. एक दंतवैद्य म्हणाले, "मी दिवसभर ड्रिल चालवतो, पण हे ऐकून माझेच दात शिवशिवले." माझी पुतणी म्हणाली, "काका, गाणी भारी आहेत हो, पण कानात सुया घुसतात. मिक्सिंग कोणी केलंय, खाटकाने?" केवळ एका विद्वान समीक्षकास यात 'कर्णभेदी सौंदर्यशास्त्र' आढळले. चौकशीअंती कळले, त्यांनी फक्त मुखपृष्ठ पाहिले होते.

निष्कर्ष स्वयंस्पष्ट होता. अल्बम उत्तम, मिक्सिंगने नासवला, मिक्सिंग कानरावांचे, सबब कानरावांची स्वेच्छानिवृत्ती आणि आजचा हा निरोपसमारंभ. ही इच्छा नेमकी कोणाची, ते निमंत्रणपत्रिकेत छापलेले नाही.

मला एक शंका छळत होती. बंद दाराआडून ज्याला गिटारची तार उतरलेली कळते, त्याला झांजा टोचताहेत हे कळले नसेल? म्हणून गेल्या आठवड्यात मी स्टुडिओत गेलो. दादा तेथेच होते. पुढच्या कार्यक्रमांविषयी रंगात येऊन सांगत होते. मध्येच त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाचा गजर सुरू झाला. बारीक, चिवट, टीं-टीं. दादा बोलतच राहिले. कानरावांनी हात लांब केला, दादांच्या मनगटावरची कळ दाबली आणि संभाषण पुढे चालू ठेवले. रोजची सवय असावी तसे.

मग एक गाणे लावले. "झांजा मऊ वाटतायत रे," असे म्हणून दादांनी मिक्सरवरची झांजांच्या आवाजाची पट्टी स्वहस्ते वर सरकवली. माझे डोके भणाणले. कानरावांनी माझ्याकडे पाहिले.

बाहेर आल्यावर मी विचारले, "अहो, गावभर तुमच्या नावाने शंख चाललाय आणि तुम्ही गप्प?"

"त्यांच्या कानाचं बाहेर फुटलं, तर स्टेजवर कोण उभं करील त्यांना?"

"आणि उद्यापासून तुम्हाला काम कोण देईल?"

"चहा घेणार?" कानराव म्हणाले.

वहिनींनी मात्र मला सोडले नाही. "भावजी, यांनी तोंड शिवून घेतलंय. तुम्ही गप्प बसल्याचं तर कोणी पाहिलेलं नाही. बोला."

अध्यक्षमहोदय, खुर्ची सरकवू नका. मी दादांची अवहेलना करीत नाही. स्पीकरांच्या भिंतीपुढे आयुष्यभर उभे राहून ज्याने आम्हांस श्रवणसुख दिले, त्याने ते स्वतःच्या कानांतून काढून दिले. त्यात लज्जा कसली? लज्जा आहे ती दुसऱ्याच्या माथी खापर फुटताना पाहत बसण्यात, आणि तीत आपण सारेच भागीदार आहोत.

क्षमा असावी, थांबतो. दादा कानरावांकडे झुकले आहेत. "काय म्हणतोय रे हा?" हे सभागृहाने ऐकले. "तुमची स्तुती करतोय," हे उत्तरही ऐकले. ध्वनिमुद्रकसाहेब, आपल्यासमोरचा माइक चालू आहे.

हसू नका, मंडळी. याही क्षणी हा गृहस्थ आपले कामच करतो आहे: जे टोचेल ते गाळून उरलेले दादांपर्यंत पोहोचवतो आहे.

दादा, इकडे पाहा. माझ्या ओठांकडे. सावकाश सांगतो. झांजा कानरावांनी चढवल्या नाहीत. आपण चढवल्यात. आपल्याला त्या ऐकू येत नाहीत. आणि त्यासाठी आज कंपनी यांना घालवत आहे.

नाही, कानराव, त्यांचा हात धरू नका. उठू द्या त्यांना.

काय म्हणालात, दादा? मोठ्याने. शेवटच्या रांगेपर्यंत जाऊ दे.

"पट्टी मी सरकवली होती. मला ऐकू येत नाही, म्हणून याला काढताय? मग माझ्यासाठी ऐकणार कोण?"

मंडळी, यापुढे माझे बोलणे म्हणजे केवळ ध्वनिप्रदूषण. मला बोलावून आता पस्तावणाऱ्या अध्यक्षांचे, मला बोलते करणाऱ्या वहिनींचे आणि सहनशील सभागृहाचे आभार. माझ्या वाणीने कोठे मर्यादा ओलांडली असल्यास ती चूक आपण उदारपणे पोटात घालावी. समारंभ संपन्न झाला असे मात्र मला म्हणता येत नाही. हा निरोप आहे की नाही, ते अध्यक्षांनी सांगायचे आहे. मी खाली बसतो. अध्यक्षमहोदय, आपण उठा.