अभिनंदनाचा फलक

नलूबाई गेल्याचं गावाला कळलं, त्याच दिवशी गावातल्या पोरांनी चौकात फोटोशिवायच श्रद्धांजलीचा फलक लावला. तेरवीचा फलक मात्र तिच्या नवऱ्याला, नत्थूजींना, स्वतः करून घ्यायचा होता. हिंगणघाटच्या फ्लेक्सच्या दुकानात त्यांच्या आधी योगेंद्र आणि त्याची पोरगी आचल अभिनंदनाचा फलक बनवायला आले होते.

"पुण्याच्या विद्यापीठाचं नाव मोठं टाक गा. गावातून पहिलीच पोरगी चालली."

"बाबा, मी नागपूरले जातो."

"काऊन? पुण्याचं नाव घेतलं का लोक उठून खुर्ची देतात."

"खुर्चीत एकटी बसून काय करू? नागपूरले नाटक हाये, कबड्डी हाये. होस्टेलच्या पोरींनी मले आत्ताच टीममध्ये घेतलं."

"कबड्डी तं गावातही हाये."

"गावात तुमी खेळू देता का?"

दुकानदार हसला. "भाऊ, मोठं नाव कोणतं टाकू मंग?"

"पोरीचं टाक. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"आन विद्यापीठ?"

"ते खाली बारीक. नागपूरचं."

दुकानदार नत्थूजींकडे वळला. "काका, तुमचं सांगा."

"माह्या बायकोचं नावही तेवढंच मोठं टाकजो."

"फोटो आणला?"

नलूबाईचा एकटीचा फोटो शोधायचा अजून बाकी होता.