मामांचा विलायती कोट

आमच्या बोरगावच्या मामांना त्यांच्या कोटाबद्दल कधी विचारू नका बरं का. आक्काच्या साखरपुड्याला ते निपाणीला आमच्या घरी तो कोट घालून आले आणि बेळगावहून आलेल्या पाहुण्यांना म्हणाले, "हात लावून बघा पाव्हणं. खास विलायती हाय. असला कोट ह्या भागात दुसऱ्या कुणाकडं न्हाय."

पाहुणे कापड चाचपून बघत होते, तेवढ्यात गावातली स्वदेशीवाली पोरं दारात आली. होळीत जाळायला ती घरोघर परदेशी कपडे मागत फिरत होती.

"अण्णा, कोट द्या," त्यांतला एक म्हणाला. "पार रस्त्यापतोर ऐकू आलं की आमास्नी."

मामांनी कोटाच्या गुंड्या घट्ट धरल्या. "अरं बाबांनो, विलायती कुठला? शहापूरच्या मागावरचं कापड हाय. पाव्हण्यांम्होरं आपलं जरा मोठेपण मिरवलं."

पाहुणे मिशीत हसले आणि पोरं परत निघाली. दाराआडून बघताना मला वाटलं, मामांची शान गेली, पण कोट तरी वाचला.

इतका वेळ माझ्याजवळ उभी असलेली मामी तेव्हा पुढे झाली. आपल्या लुगड्याचा पदर हातात धरून तिनं हळूच विचारलं, "मग खास मुंबईसनं मागवलंय म्हणून मला दिवाळीला दिलंसा, ते ह्ये लुगडं कुठलं वं?"

मामांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि गुंड्या सोडत पोरांना हाक मारली, "थांबा रं. कोट विलायतीच हाय. घिऊन जावा."