पडलेली कड

मोजपट्टी: ...पेटी एक. लाकडी पाचरी तीन. लोकरीचे तुकडे दोन, एकाला कसर लागलेली. काचेचा आरसा एक, वीतभर रुंद, वरची चांदी काळी पडलेली. मेलेला कोळी एक.

बाबा: कोळी कशाला मोजतेस?

मोजपट्टी: पेटीत होता म्हणून.

बाबा: बाई, हिला घरात उगाच नाही मोजपट्टी म्हणत. लहानपणी ताप आला की स्वतःच थर्मामीटर लावायची, आकडा मोठ्यानं सांगायची आणि मग रडायला बसायची. आता पदार्थविज्ञान शिकून आलीय. आमच्या भिंगांच्या दुकानाचं काही खरं नाही.

बाई: असू दे हो. संग्रहालयात असं कुणी असतं, तर हा आरसा इतकी वर्षं या तळघरात पडून राहिला नसता. मला एवढंच सांगा, तो परत घासायचा की नाही? समिती दुपारी फोन करणार आहे.

बाबा: घासला की नवा होईल. पण जुना पृष्ठभाग गेला तो गेला. मागे फिरता येत नाही.

बाई: म्हणून तर तुम्हा दोघांना बोलावलं. दुर्बिणीचा हा आरसा तिनं स्वतः केलेला आहे.

मोजपट्टी: तिनं म्हणजे वेधशाळेच्या संचालकांच्या बहिणीनं?

बाई: हो. भावाचं घर सांभाळायला आली होती. स्वयंपाक, कपडे, पाहुणे. ते सगळं उरकून हे. कपडे धुवायच्या खोलीत पिंपावर एक काच ठेवायची, वर दुसरी, मधे रेतीची पावडर आणि पाणी. आणि पिंपाभोवती फिरत राहायची.

बाबा: अजून तसंच करतात. घासत घासत वरची काच खोलगट होते, खालची फुगते. पायांचं काम आहे ते, हातांचं कमी.

बाई: या आरशातून तिला चार धूमकेतू सापडले. पहिले तीन भावाच्या नावावर गेले. चौथ्याच्या वेळी तो प्रवासात होता, तेव्हा कुठे हिचं नाव लागलं.

मोजपट्टी: मग समितीला शंका कसली?

बाई: एक सभासद म्हणतात, घरी घासलेल्या हौशी आरशातून इतका अंधूक धूमकेतू दिसणारच नाही. चौथाही भावानंच वेधशाळेच्या दुर्बिणीतून आधी कधीतरी पाहिला असेल आणि बहिणीला कौतुकानं देऊन टाकला असेल. आरसा वाईट निघाला तर पाटीवर तसंच लिहायचं, आणि उद्घाटनाला लोकांना आकाश दाखवायचं म्हणून तो नव्यानं घासून घ्यायचा.

बाबा: वाईट म्हणजे किती वाईट, ते ठरवलंय का?

मोजपट्टी: ते ठरलेलंच असतं ना, बाबा. पृष्ठभागावरचा चढउतार प्रकाशाच्या एका लहरीच्या चौथ्या भागाहून जास्त नको. जास्त असला की ताऱ्याचा ठिपका न दिसता डाग दिसतो.

बाई: लहर म्हणजे केवढी?

मोजपट्टी: तुमच्या एका केसाच्या जाडीत शंभरेक बसतील.

बाई: आणि त्याचा चौथा भाग? हातानं?

बाबा: हातानंच होतं ते. सगळ्यांना जमत नाही, एवढंच. चल गं, आधी ही काळी चांदी आम्लानं उतरवू. काचेला काही होत नाही त्यानं. मग कोमट पाण्यानं धू, नाहीतर आम्लाचे डाग राहतील.

मोजपट्टी: धुतला. पुसला. बोळाच्या त्या टोकाला उभा करते. दिवा आणि पातं या टोकाला.

बाई: ब्लेड? दाढीचं?

मोजपट्टी: हो. बारीक भोकातून आलेला उजेड आरशावर आपटून इथे एका टिंबात परत येतो. त्या टिंबाच्या वाटेत पातं हळूहळू सरकवायचं. आरसा सगळीकडे सारखा असला तर पूर्ण चकती एकदम विझते. कुठे उंचवटा असला तर तिथे सावली पडते. चंद्रावरचे डोंगर दिसतात ना, तसं.

बाबा: बघ आधी तू.

मोजपट्टी: पातं सरकवलं... अरेच्चा.

बाबा: काय झालं?

मोजपट्टी: तूच बघ.

बाबा: अरेरे. कड पडलीय. मधे फुगीर आणि चहूबाजूंनी कड खाली झुकलेली. शिकाऊ पोरं हेच करतात. घाई केली, काठावर जास्त दाब दिला, की झालं.

बाई: किती?

मोजपट्टी: मोजायची गरजच नाही. एका लहरीच्या वरच असेल.

बाई: म्हणजे ते सभासद बरोबर.

बाबा: बाई, मलाही वाईट वाटतंय. नव्यानं घासायचं काम मलाच मिळणार, तरी वाटतंय. एवढी पायपीट केली तिनं.

बाई: तुम्ही हळहळू नका. तिच्या घरातलेही कधी हळहळले नाहीत. भावाचे पणतू येतात अधूनमधून. तिच्या गोष्टी सांगतात आणि पोट धरून हसतात.

बाबा: कसल्या गोष्टी?

बाई: सणकी होती म्हणे. खोलीचं दार आतून लावून घ्यायची. भाऊ कंदील घेऊन आला तरी उघडायची नाही. खुद्द संचालक! एकदा मांजर आत शिरलं तर तिनं सगळं काम टाकून दिलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली. मांजराला हाकललं, तरीही लगेच आत गेली नाही. कडाक्याच्या थंडीत शेगडी पेटवू द्यायची नाही. कुणी गरम चहा आणला तर दाराबाहेर ओतून टाकायची. गावात तिला दारबंद बाई म्हणायचे.

बाबा: असतात एकेक स्वभाव.

बाई: मी पेटी भरायला घेते. आरसा उचलू ना?

मोजपट्टी: थांबा! बाई, हात तिथेच ठेवा. हलू नका.

बाई: काय झालं? काही तुटलं का?

मोजपट्टी: तुमचा हात उजेडाच्या वाटेत आलाय. बाबा, इकडे ये, बघ. बाईंच्या बोटांतून ज्वाळा निघतायत.

बाबा: ती हातावरची गरम हवा. पात्यासमोर दिसतेच ती. त्यात काय नवल?

बाई: मला बघू द्या. तुम्ही इथे हात धरा... अगं बाई! माझ्याही हातातून हे असं सतत वर जात असतं?

मोजपट्टी: सगळ्यांच्याच. या उबेनं चाचणी बिघडते, म्हणून तिला मांजर नको होतं. भाऊ नको होता, त्याचा कंदील तर नकोच. शेगडी नको, चहा नको. बाबा, ती सणकी नव्हती. ती थांबत होती. खोली निवण्याची वाट बघत पायरीवर बसत होती.

बाबा: मी काय करून बसलो.

बाई: आता तुम्ही काय केलंत?

बाबा: कोमट पाणी! बाई, मीच पोरीला कोमट पाण्यानं धुवायला सांगितलं, आणि पुसल्या पुसल्या आरसा उभा केला. काच निवताना कड आधी थंड होते, आधी आकसते. मधला भाग गरम, म्हणून फुगलेला. दुकानात मी धुतलेली काच रात्रभर ठेवतो, तिला हातसुद्धा लावू देत नाही. आज तुमच्या समितीच्या फोनच्या नादात...

मोजपट्टी: मीही विचारलं नाही. पदवीवर थर्मामीटरचं चित्र काढून घ्यायला हवं माझ्या.

बाई: म्हणजे ती पडलेली कड...

मोजपट्टी: कदाचित तिची नाही. आपली असेल. किंवा तिचीही असेल. अजून माहीत नाही.

बाबा: चला, सगळे बाहेर. दिवा बंद. दार ओढून घ्या.

बाई: आणि समितीचा फोन?

बाबा: वाजू दे. आधी पोटभर जेवू.

(आरसा होता तिथेच आहे. तिघं जेवून, बाहेर बराच वेळ बसून परत आले आहेत.)

मोजपट्टी: हळू बोला. बाबा, तू भिंतीकडे तोंड करून श्वास घे.

बाबा: शिकवतेय मला. बघ आता.

मोजपट्टी: पातं सरकवते... बाबा.

बाबा: कड?

मोजपट्टी: कड नाही. काहीच नाही. पूर्ण चकती एकदम विझली. परत करते... परत तसंच. बाई, या, तुम्ही बघा. श्वास धरून.

बाई: पूर्ण चंद्रासारखं आहे. आणि तुम्ही पातं सरकवलं की... गेलं. सगळीकडून एकदमच गेलं. एकही सावली नाही. मी काहीतरी चुकीचं बघतेय का?

बाबा: नाही, बाई. असंच दिसायला हवं. मी चाळीस वर्षं काच घासतोय, माझ्या हातून असं दोनदा झालंय. त्यातलं एकदा नशिबानं.

बाई: तिच्याकडे पातं तरी होतं का?

बाबा: सुरी असेल स्वयंपाकघरातली. दिवा तेलाचा, वर टोचलेला पत्रा. आणि उंचवटा राहिला तर अंगठ्यानं. नुसत्या अंगठ्यानं लाल पावडर लावून तेवढीच जागा चोळायची. मग पायरीवर जाऊन बसायचं. मग परत बघायचं. चोळण्यापेक्षा बसणंच जास्त.

बाई: आणि घरात सगळे जेवायला खोळंबलेले असतील.

बाबा: ते तर असणारच.

बाई: पणतू यायचे आहेत उद्घाटनाला. मी त्यांचा हात धरणार आहे त्या उजेडात.

मोजपट्टी: आधी आकडा. दिसायला छान आहे हे समितीला कळवून चालणार नाही. बाबा, आपल्या रीतीनं. तू वेगळं मोज, मी वेगळं मोजते. एकमेकांना सांगायचं नाही.

बाई: तशी रीत का?

बाबा: एकानं सांगितलं की दुसऱ्याच्या डोळ्याला तेच दिसायला लागतं. आणि आज आमचे दोघांचेही डोळे तिच्या बाजूचे झालेत. सरक गं, पातं सरकवायचा तो मोजणीचा स्क्रू मला दे.

मोजपट्टी: मधला भाग, मधलं कडं, काठ. तिन्हीकडे पाच पाच वेळा.

बाबा: माहीत आहे.

बाई: ...फोन वाजतोय वर.

मोजपट्टी: वाजू दे. माझं झालं. बाबा?

बाबा: थांब, काठ परत बघतो. झालं. सांग तुझा.

मोजपट्टी: लहरीचा अठ्ठाविसावा भाग. तुझा?

बाबा: चोविसावा.

बाई: चौथा भागही चालला असता ना? मग मी समितीला कुठला कळवू?

मोजपट्टी: दोन्हींतला वाईट असेल तो. सगळ्यात मोठा चढउतार, प्रकाशलहरीचा चोविसावा भाग.