उभ्या गाडीतला गारवा

समारंभाचे अध्यक्ष आणि या वर्कशॉपचे मालक माननीय देवरामशेठ, आज निवृत्त होणारे आपले सत्कारमूर्ती राजरत्न शिरसाट सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी आणि आज कधी नव्हे ते इस्त्रीच्या कपड्यांत दिसणाऱ्या माझ्या सर्व मेकॅनिक बंधूंनो,

मी रुपाली केणे, मोहन्याहून आले. मी इथली स्टाफ नाही, गिऱ्हाईक. मग निरोपाच्या भाषणाला मी कशी? तर माझ्या मुलामुळे, यज्ञेशमुळे.

यज्ञेशला जन्मापासून घाम येत नाही. उकाड्यात अंग तापतं, ते उतरतच नाही. नौपाड्याला डॉक्टरांकडे नेण्यासाठी आम्ही जुनी का होईना, एसीची गाडी घेतली. ती पळताना गारेगार, आणि ट्रॅफिकमध्ये उभी राहिली की भट्टी! एकदा दुर्गाडी पुलाजवळ पोरानं मान टाकली. मी अख्खी बाटली त्याच्या डोक्यावर ओतली. बाहेर सगळे हॉर्न वाजवतायत, आणि मी कुणाला हाक मारू?

दुसरीकडे गाडी दाखवली. उत्तर एकच, "ताई, गॅस बरोबर, प्रेशर बरोबर. गाडीत दोष नाही." आमचे मिस्टर कमलेश म्हणाले, "विकून टाकू या."

मग वर्तकनगरला, इथे आले. सरांनी मशीन लावलं. आकडे याही वेळी बरोबर! पण सर उठले नाहीत. म्हणाले, "पोराला त्रास कुठे होतो?"

"ट्रॅफिकमध्ये."

"मग इथे शेडच्या मोठ्या पंख्यासमोर तपासून काय कळणार? चला, ट्रॅफिकमध्ये जाऊ."

यज्ञेश आजीजवळ होता. भर दुपारी आम्ही कापूरबावडीला अडकलो, आणि गरम हवा सुरू झाली. सर खाली उतरले, बॉनेट उघडलं. "बघा, पुढचा पंखा मंदच फिरतोय. जोराचा वेग लागतच नाही. गाडी पळते तेव्हा समोरचा वारा गॅस थंड करतो. थांबली की प्रेशर चढतं, आणि कॉम्प्रेसर स्वतःला वाचवायला बंद पडतो."

पंख्याला जोराचा वेग देणारा एक छोटा स्विच, म्हणजे रिले, सरांनी बदलला. मला वाटलं, झालं काम. पण सर म्हणाले, "पोराला घेऊन जाल तेव्हा मी येतो." आणि सुट्टीच्या रविवारी ते खरंच आले, मागे यज्ञेशशेजारी बसले, मांडीवर ओला टॉवेल घेऊन. पुलाजवळ गाडी थांबली. मी आरशातून सारखी यज्ञेशकडे बघत होते.

मग मागून आवाज आला, "आई, एसी कमी कर ना. थंडी वाजते."

उभ्या गाडीत माझ्या पोराच्या तोंडून 'थंडी' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मी रडत राहिले. सर हळूच म्हणाले, "ताई, पुढची गाडी गेली. चला."

सर, तुमचे आभार कसे मानू? आणि वहिनी, तो रविवार तुमच्या घरचा होता, तो तुम्ही आम्हाला दिलात. मला भाषणाची सवय नाही. काही कमी-जास्त बोलले असेन तर घरचीच समजून पोटात घाला. नमस्कार.