साव... काश

मास्तर : थांबा, थांबा! पुन्हा तिथेच. वहिनी, तिसऱ्या ओळीत मध्येच श्वास घ्यायचा नाही, किती वेळा सांगू?

वहिनी : श्वास नाही घेतला. थांबले.

मास्तर : एकच झालं ना ते.

नणंद : मास्तर, दोष पाइपचा असेल हं. बाथरूमच्या कामातून उरलेला अर्धा इंची पाइप आहे. सहा भोकं पाडली, कानशीनं घासली, तोंडाशी लाकडाची खुंटी ठोकली. गळत असेल हवा कुठेतरी.

मास्तर : पाइपला काही झालेलं नाही. प्लंबरबाईंनी केलेली बासरी म्हटल्यावर मला वाटलं होतं, नळासारखी घरघरणार. पण सूर चक्क बरा लागतोय.

नणंद : घरघरतो तो तुमच्या स्वयंपाकघरातला नळ. पाच वेळा म्हटलं, वॉशर बदलून देते.

मास्तर : विषय बदलू नकोस. तुझीही तीच चूक. दोघींची, अगदी एकाच जागी! शब्द म्हणून बघा जरा. 'दार उघडं ठेव, येतो मी सावकाश.' सावकाश हा एक शब्द आहे. तुम्ही वाजवता 'येतो मी साव', मग थांबता, मग 'काश'. साव म्हणजे काय? काश म्हणजे काय?

नणंद : साव म्हणजे पहिल्या रांगेत बसतात ते. मागे बसतो ते आम्ही चोर.

वहिनी : तू गप गं जरा.

मास्तर : हे बघा, गीत संथ आहे, ओळ लांब आहे. दम पुरत नसेल तर 'ठेव'च्या पुढे श्वास चोरून घ्यायचा. चोरून म्हणजे ऐकणाऱ्याला पत्ता लागता कामा नये. सहा आठवडे तेच तर शिकवतोय.

वहिनी : दम पुरतो मला. ऐका.

(ती अख्खी ओळ एका दमात वाजवते.)

मास्तर : अहो, येतंय की! स्वच्छ येतंय. मग रोज माझं डोकं का खाताय?

वहिनी : कारण हे असं वाजवत नव्हते. हे तिथे थांबायचे.

मास्तर : शेवटच्या वर्षात थांबायला लागला तो. त्याआधी वीस वर्षं माझ्या शेजारी उभं राहून तुमच्या नवऱ्यानं ही ओळ एका दमात वाजवलीये. नंतर जमेना बिचाऱ्याला. ती काही चाल नव्हे वहिनी, ते आजारपण होतं. तुम्ही ऐकून शिकलात, त्यात त्याची चूकही शिकलात.

वहिनी : खरंय. वीस वर्षं मी शिलाई मशीनवर बसलेली असायचे, हे आतल्या खोलीत वाजवायचे. कान देऊन कधी ऐकलंच नाही. ऐकलं ते शेवटच्या वर्षी, उशाशी बसून. मला वाटलं, चाल अशीच आहे. तुम्ही पहिल्या दिवशी पुस्तक उघडून दाखवलंत तेव्हा कळलं, तिथे थांबायचं नसतं.

मास्तर : कळलं ना? मग?

वहिनी : तेव्हापासून मुद्दाम थांबते.

मास्तर : अहो, रविवारी त्याच्याच आठवणीची प्रार्थना आहे. सभागृह भरेल. लोक काय म्हणतील?

नणंद : लोक, की मालक? दगड-पॉलिशच्या कारखान्याचे मालक येणारेत म्हणूनच ना हे सगळं? या सभागृहाचं छप्पर त्यांनीच बदलून दिलंय.

मास्तर : तसं नाही...

वहिनी : येऊ देत. बसू देत पहिल्या रांगेत. अठरा वर्षं त्यांचा दगड घासला यांनी. डोळ्यांच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या व्हायच्या. धुळीसाठी मास्क मागितला तर म्हणाले, फडकं बांध. आणि हे गेल्यावर म्हणाले, सिगारेट ओढत असेल. अहो, बासरी वाजवणारा माणूस सिगारेट ओढेल का? दोन अर्ज दिले मी. फाटकाशी चार दिवस उभी राहिले. एकदा तरी ऐकून घेतलं त्यांनी? रविवारी ऐकायला बसणारच आहेत ना? मग ऐकू देत, दम कुठे संपला ते.

मास्तर : त्यांना काय कळणार? बाई चुकली म्हणतील.

वहिनी : एकदा म्हणतील. गीताची कडवी चार आहेत.

नणंद : आणि चार वेळा एकाच जागी ओल आली, तर माझ्या धंद्यात भिंत फोडून बघतात.

मास्तर : आणि मी वाजवू दिलं नाही तर?

वहिनी : तर बाहेर पायऱ्यांवर उभ्या राहून वाजवू. पाइप आमचे आहेत.

नणंद : बाहेर तर आवाज आणखी लांब जाईल.

मास्तर : कमाल आहे तुमची! तो इतका हट्टी नव्हता हो.

वहिनी : नव्हते. म्हणून तर फडकं बांधून काम केलं. मास्तर, एक विचारू? हे थांबायचे, तेव्हा तुम्ही पायपेटीचा आवाज चढवायचात.

मास्तर : ...लक्षात आलं होतं तुमच्या?

वहिनी : माझ्या नाही, यांच्या. घरी आले की म्हणायचे, आज पुन्हा बुजवलं मला.

मास्तर : बुजवलं? अहो, सांभाळून घेत होतो मी त्याला! चारचौघांत शोभा होऊ नये म्हणून. मित्र होता माझा.

वहिनी : माहीत होतं त्यांना. म्हणून तुम्हाला कधी बोलले नाहीत.

नणंद : दादा श्वास चोरत नव्हता, मास्तर. सगळ्यांच्या देखत घ्यायचा. शिट्टीसारखा वाजायचा तो. मी मागच्या बाकावर असायचे, मला ऐकू यायचा, तुमच्या पेटीतूनसुद्धा.

मास्तर : मी तर शेजारीच बसायचो गं.

वहिनी : मास्तर, पाणी देऊ का?

मास्तर : नको. पाइप उचला. पहिल्या ओळीपासून.

नणंद : थांबायचं की नाही, ते आधी बोला.

मास्तर : तुम्ही थांबणारच आहात. मी माझं सांगतो. 'साव'वर मी पाय उचलणार. भात्यात हवा नाही, पेटीला आवाज नाही. छपराचं बघू मग.

वहिनी : आणि परत कधी सुरू कराल?

मास्तर : त्याचा श्वास पुरा झाला की.

वहिनी : तो कुठे पुरा व्हायचा, मास्तर.

मास्तर : मग तुम्हीच ठरवा. मी तुमच्याकडे बघत बसेन.