सात नंबर आणि काळा मार्कर

नाही नाही, बरोबर आलीस, फूड बँक हीच. पाटी बर्फाखाली गेलीय, आठवडाभर सगळ्यांना सांगतेय झाडा म्हणून, शेवटी मीच झाडणार. बूट तिथे ट्रेमध्ये काढ—अगं, लाजतेस काय, आत मुलाखत घेणारे तिघंही मोज्यांवरच बसलेत, आणि आर्डिस, म्हणजे आमची संचालक, तिच्या डाव्या मोज्याला अंगठ्याशी भोक आहे. आत गेलीस की आधी ते बघून घे, निम्मी भीती तिथेच जाते. मी मार्लिन. नऊ वर्षं या टेबलाशी. आणि तू होदान. नाव कसं माहिती? मला एकटीलाच माहितीय, आतल्यांसाठी तू नुसती चार नंबर. तुझी वेळ अकराची आणि तू दहालाच हजर—असू दे, आमच्या थंडर बेची बस, एक तर येतच नाही, नाहीतर दोन एकदम. घे, हा पर्शियन खा, इथला गोड बन. फक्त ती गुलाबी साखर कोटावर सांडू नकोस.

नंबर कशाला? ते एक रामायणच आहे. पूर्वी या व्यवस्थापकाच्या जागेसाठी आम्ही काय काय मागायचो—विद्यापीठाची पदवी, स्वतःची गाडी, पंचवीस किलो उचलायची ताकद. देणग्या मिळवायला नि वाटपाची आखणी करायला पंचवीस किलो कशाला उचलायचे, तूच सांग. मग यायचे ते टोरांटोचे पदवीवाले, आणि जानेवारीत ट्रकचं डिझेल गोठलं की चालते व्हायचे. शेवटचा तर तीन महिन्यांत गेला, त्याचा कॉफीचा मग अजून माझ्याकडे आहे. आणि जे धान्यासाठी आमच्याच रांगेत उभे राहिलेत, ज्यांना या कामातलं खरं कळतं, त्यांच्यातल्या एकानेही कधी अर्ज केला नाही. करणार कसा, पहिल्याच ओळीला दार बंद. शेवटी आर्डिसने एका बाईला बोलावलं, माणसं कशी निवडायची ते दिवसभर शिकवायला. मी कॉफी देता देता ऐकत होते. ती म्हणाली, कामाला खरंच लागतं तेवढंच मागा. पगार जाहिरातीतच छापा. मुलाखतीचे प्रश्न सगळ्यांना सारखे, आणि दोन दिवस आधी हातात द्या. बिनपगारी केलेलं कामही काम धरा. आणि अर्ज वाचताना नाव, गाव, शाळा झाकून टाका. प्रूडन सर म्हणून आमच्या मंडळावर आहेत, निवृत्त मुख्याध्यापक, ते म्हणाले, मग माणूस ओळखायचा कसा? बाई म्हणाली, ओळखू नका, वाचा. मला फार आवडलं ते.

तर झाकायचं कुणी? मार्लिनने, दुसरं कोण. हा बघ, हाच काळा मार्कर. तेवीस अर्ज आले, प्रत्येकाला नंबर घातला आणि बसले काळं करत. नावांची यादी खणात, खणाची किल्ली माझ्या गळ्यात. दोन आठवडे आतले तिघं नंबरांवरच भांडतायत, आणि सात नंबरावर तर तिघंही खूश. अर्जातच एक प्रश्न होता, आठवतं ना—वाटपाच्या दिवशी फ्रीझर बंद पडला, बाहेर दीडशे घरांची रांग, काय कराल? कुणी लिहिलं मेकॅनिकला बोलावू, कुणी लिहिलं बैठक घेऊ. सातने लिहिलं, बाहेर उणे अठ्ठावीस आहे, मांस दुधाच्या क्रेटमध्ये भरून बर्फात ठेवा, वर दुसरा क्रेट उलटा बांधा नाहीतर डोमकावळे पळवतील, आणि तोवर माणसांना आत घेऊन सूप द्या. प्रूडन सर टेबलावर हात आपटून म्हणाले, हा कुठल्यातरी मोठ्या संस्थेतून आलेला दिसतो. मी तेव्हा त्यांच्याच कपात कॉफी ओतत होते. थोडी सांडली.

हसतेस काय? हं. कळलं ना तुला. हुशार आहेस, म्हणून तर मला तुझी धास्ती.

हो बाई, मीच सात. हळू बोल, भिंती पातळ आहेत. फ्रीझर खरंच बंद पडला होता, मीच निभावलं, आर्डिस तेव्हा विनिपेगला होती, तिला आजवर पत्ता नाही. तीन वेळा ही जागा रिकामी झाली, तिन्ही वेळा नवा माणूस येईपर्यंत गाडा मी ओढला, आणि तिन्ही वेळा ती म्हणाली, मार्लिन, तू नसतीस तर आमचं काय झालं असतं—आणि दुसऱ्या दिवशी जाहिरात. वाईट नाही गं ती, फार चांगली आहे, पण तिला मी दिसत नाही, हे टेबल दिसतं. शाळा मी दहावीत सोडली. तेव्हा मुख्याध्यापक कोण? प्रूडन सर. म्हणाले होते, तुझ्या हातून काही धड व्हायचं नाही. नाव घालून अर्ज दिला असता तर प्रेमाने म्हणाले असते, अगं, पण मग फोन कोण उचलेल? म्हणून म्हटलं, सातच बरं. कालच आर्डिसने विचारलं, सात नंबर सव्वादहाला नक्की येतोय ना? म्हटलं, त्याची काळजी नको, तो कधी उशीर करत नाही.

पण आता तुझ्याकडे बघून राहवत नाही. या जिभेला हाड नाही माझ्या. तुझ्या अर्जात ती ओळ होती ना—निर्वासितांच्या छावणीत तू सहाशे घरांचं धान्य वाटायचीस, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना उन्हात उभं राहायला नको म्हणून रांगेत माणसाऐवजी त्याच्या नावाचा दगड ठेवायचीस. दगड उन्हात, माणूस सावलीत. ते वाचलं आणि म्हटलं, ही मला हरवणार. मला फक्त छावणीचं नाव झाकायचं होतं. मी अख्खी ओळ काळी केली. का? ओळख पटेल म्हणून, असं मनाला सांगितलं. कसली ओळख—मला ती जागा हवी होती, बस. घरी गेले तर घास उतरेना. नवरा विचारतो, दाढ दुखतेय का. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी आले, तुझ्या अर्जाची नवी प्रत काढली, नुसतं छावणीचं नाव झाकलं, जुनी फाडून टाकली. मग आत आर्डिसने ती ओळ मोठ्याने वाचली. दोनदा वाचली, आणि मी किटली घेऊन उभी. आता सात की चार, एवढंच उरलंय त्यांच्यापुढे.

शिव्या दे हवं तर. रुमाल कशाला देतेस, मी कुठे रडतेय, तुझ्याच हनुवटीला साखर लागलीय, ती पूस. काय म्हणालीस? त्यांना सांगणार का? आत्तापर्यंत नव्हते सांगणार, खरं सांगते. मार्कर माझ्याच हातात होता, आणि मीही त्याच तेविसांत होते, हे कळलं तर कदाचित काढूनच टाकतील मला. पण तुला सांगितलं आणि तिथे जाऊन सरळ चेहऱ्याने बसायचं—नाही जमायचं बाई.

सव्वादहा झाले. ऊठ, इकडे ये, या खुर्चीत बस. मागे रेलू नकोस, पाठ मोडलीय तिची. फोन वाजला तर म्हणायचं, फूड बँक, बोला. पलीकडचं माणूस रडायला लागलं तर घाई करायची नाही, थांबायचं. झालं, एवढंच काम. उरलेला बन झाकून ठेव, माझा आहे.

हो आर्डिस, ऐकलं. आलाय ना सात नंबर, कधीचाच आलाय. कुठे म्हणजे काय, इथेच. नाही, आज किटली नाही आणत मी, हा मार्कर आणलाय, त्याचंही सांगायचंय. सरक जरा दारातून, मला आत येऊ दे.