पाणीदार नारळ

द्वारका चौकातल्या थांब्यावर येवल्याची गाडी अजून लागली नव्हती. शिक्षण समितीचे पगारे साहेब पिशवीतली शाल आणि सन्मानपत्र सांभाळत रांगेत उभे होते. पुढे दोन बाया बोलत होत्या.

“विमल, हार कुणाला गं?”

“आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरला. मला ठेवलं खिचडी शिजवायला, पण हार-नारळ आणायचं कामही माझ्याच गळ्यात.”

“कॉम्प्युटरला हार?”

“आज पुरस्कार हे शाळेला. पोरं कॉम्प्युटर शिकली म्हणून.”

“शिकली का?”

“कशाची शिकत्यात? आला त्याच दिवशी हेडमास्तरांनी त्याच्यावर नारळ फोडला. पाणी सगळं आत. तवापासून चार वर्षं बंद हे.”

“मग दुरुस्त नाय केला?”

“केला असता तर वर कळलं नसतं का? पण खंडेनवमीची पूजा चुकत नाय. पोरं चपला काढून पाया पडत्यात.”

“आन शिकवत्यात कशावर?”

“फळ्यावर चित्र काढून.”

“बक्षीस देणाऱ्यानं पाहिलं नाय का काही?”

“फोटो पाहिला आसंल. फोटोत लय भारी दिसतो.”

“आंधळं दळतंय आन कुत्रं पीठ खातंय.”

“आज तो साहेब स्वतः येणार हे. त्याच्या हातानं फोडायला चांगला पाणीदार नारळ घेतलाय.”

गाडी लागली. विमलनं मागं वळून पाहिलं.

“दादा, एवढी पिशवी धरा, मी चढते.”

पगारे साहेबांनी पिशवी धरली. आत पाणी खुळखुळलं.